सुप्रभातबंदी

३ डिसेंबर २०१८, सोमवार

आज अण्णासाहेबांकडून चार्ज घेतला. चार्ज हा शब्द माझा. ते फक्त "गुणवंता, आता तू बघ बाबा" एवढंच म्हणाले आणि मला ग्रुपचा ॲडमिन करून मोकळे झाले. त्यांची नजर आता अगदी अधू झाली आहे. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या सरकारी अतिथिगृहात ते तीस वर्षं व्यवस्थापक होते. दिल्लीत उतरलेल्या निम्म्या मराठी माणसांना त्यांनी कधी ना कधी खोली दिली आहे, खोली नसेल तेव्हा निदान चहा. 'दिल्लीकर आपुलकी मंडळ' हा व्हॉट्सॲप ग्रुप त्यांनीच काढला. सभासद दोनशे बारा. नियम नाहीत, यादी नाही, कुणाचा पत्ता कुठे लिहिलेला नाही. मी विचारलं, अण्णासाहेब, कामाची पद्धत काय ठेवली आहे? म्हणाले, "पद्धत कसली? सकाळी कोण कोण बोललं तेवढं बघत जा." ब्याऐंशीव्या वर्षी माणूस असंच बोलणार. मी मान डोलावली.

ऑगस्टपासून मी घरी आहे. चौतीस वर्षं नोकरी केली, अवर सचिव म्हणून निवृत्त झालो. या चार महिन्यांत ऑफिसातून एकच फोन आला, तोही कपाटाची किल्ली कुठे आहे हे विचारायला. तेव्हा हे काम आलं ते बरंच झालं. मार्चपर्यंत हा ग्रुप असा शिस्तीत आणीन की अण्णासाहेबांनी मंडळाचं सचिवपदही आपणहून माझ्या हाती द्यावं.

५ डिसेंबर, बुधवार

या लोकांचं काय करावं मला कळत नाही. पहाटे पाच-चाळीसला पहिला मेसेज. विजयालक्ष्मी दिघे. एक गुलाब, खाली 'सुप्रभात'. त्यावर चाळीस जणांचे हात जोडलेले. मग शांतारामचा आरोग्यसंदेश, आज कारल्याचा रस. मग कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस आणि एकेकाच्या शुभेच्छा, एकशेसहा. मी मोजल्या. नाश्त्याच्या टेबलावर फोन थरथरत थरथरत सरकला आणि चटणीच्या वाटीला जाऊन लागला.

वासंतीला म्हटलं, ह्या दिघेबाईंना पहाटे झोप येत नाही का? ती म्हणाली, "एकट्या असतात हो त्या." एकटं असण्याचा आणि गुलाबाचा काय संबंध? बाई चौऱ्याहत्तरच्या आहेत. हिंदूराव हॉस्पिटलात मेट्रन होत्या. यजमान जाऊन नऊ वर्षं झाली, मूलबाळ नाही, पश्चिम विहारच्या डीडीए फ्लॅटमध्ये राहतात. मी त्यांना दोनदा भेटलो आहे. बोलता बोलता समोरच्याचं मनगट हातात घेतात आणि नाडी बघतात. मला ते आवडलं नाही.

८ डिसेंबर, शनिवार

परिपत्रक क्रमांक एक काढलं. मसुदा तीनदा केला. सुप्रभात, शुभरात्री, फुले, सूर्योदय व देवादिकांची चित्रे पाठवू नयेत. शुभेच्छा संबंधित व्यक्तीला परस्पर द्याव्यात. चौकशी करायची असल्यास विषय प्रथम लिहावा. ॲडमिन टपाल दिवसातून एकदा, सकाळी अकरा वाजता पाहतील. शेवटी 'हे आदेश तात्काळ अमलात येतील'. सही करायची सोय नाही, नाहीतर केली असती.

एकशेअठ्ठावीस जणांनी अंगठा दाखवला. अंगठा म्हणजे काय? वाचलं, की मान्य आहे? शांतारामने विचारलं, कारलं चालेल का, ते फूल नाही. आणि विजयालक्ष्मीबाईंनी लिहिलं, "छान मराठी लिहिता तुम्ही. सुप्रभात." खाली जास्वंद.

१० डिसेंबर, सोमवार

आज थोडक्यात वाचलो.

सकाळी पुन्हा गुलाब. माझं डोकं फिरलं. नोएडाचा सूर्यकांत माझा बॅचमेट, आम्ही रोज एकमेकांना काहीबाही लिहितो. त्याला रागाच्या भरात लिहिलं की ही बाई रोज पहाटे फुलं टाकते, घरी कुणी नाही, हाताला उद्योग नाही, म्हणून सगळ्या दिल्लीला उठवायचं, हिला एकदा आवरलं की अर्धा ग्रुप सुधारेल. पाठवलं, आणि बघतो तर ते सूर्यकांतला नाही, मंडळाच्या ग्रुपवर गेलेलं. चष्मा सापडेना. मेसेजवर बोट दाबून धरलं, इंग्रजीत दोन-तीन पर्याय आले, घाईत पहिलाच दाबला. मेसेज नाहीसा झाला. दोन मिनिटंसुद्धा राहिला नसेल. वर-खाली करून पुन्हा पुन्हा पाहिलं, कुठेही नाही. सूर्यकांतला पुन्हा लिहायचा मात्र उत्साह राहिला नाही.

कुणी पाहिलेलं दिसत नाही. अर्ध्या तासाने विजयालक्ष्मीबाईंनी लिहिलं, "खरं आहे. क्षमस्व." परिपत्रक उशिरा का होईना, पोचलं म्हणायचं.

१३ डिसेंबर, गुरुवार

तीन दिवस गुलाब नाही. शांतारामचं कारलंही नाही. कालच्या दिवसात एकूण चार मेसेज, त्यातले दोन माझे. सेक्शनमध्ये नवीन आलो होतो तेव्हाही असंच झालं होतं. साडेनऊनंतर येणाऱ्याच्या नावापुढे लाल फुली मारायला सुरुवात केली आणि आठवड्यात सगळे वेळेवर यायला लागले. लोकांना शिस्त हवी असते, कुणीतरी ती लावावी एवढीच वाट पाहत असतात.

वासंती मात्र दोन दिवस गप्प गप्प आहे. विचारलं तर "काही नाही" म्हणते. तिला थंडी मानवत नाही.

१५ डिसेंबर, शनिवार

बळवंतचा फोन, तोही सकाळी आठला. बळवंत कॅन्टोन्मेंटमध्ये हवालदार आहे, साताऱ्याकडचा. मंडळात कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं, कुणाचं सामान हलवायचं असलं की तोच धावतो, त्यामुळे त्याला सगळे डोक्यावर घेतात. म्हणाला, "साहेब, विजयालक्ष्मीताईंचं फूल दिसंना. बऱ्या हायत न्हवं?" मी म्हटलं, परिपत्रक वाचलं नाहीस का? त्यांनी वाचलंय. तो म्हणाला, "वाचलं साहेब. सगळंच वाचलं." आणि फोन ठेवला. फौजेतली माणसं आदेश समजतात, हे एक बरं असतं.

२३ डिसेंबर, रविवार

मंडळाचं वनभोजन. ऊन चांगलं पडलं होतं. मी नव्या नियमांच्या झेरॉक्स नेल्या होत्या. लोक आदराने वागले, जरा जास्तच आदराने. आमच्या सतरंजीवर मी, वासंती आणि अण्णासाहेब एवढेच. बाकीचे पलीकडे दाटीवाटीने बसले होते. वृंदा कुलकर्णी वांग्याचं भरीत वाढायला आली तेव्हा म्हणाली, "काय सबनीससाहेब, आवरलंत ना सगळ्यांना?" मी म्हटलं, प्रयत्न चालू आहे. ती हसली नाही, भरीतही एवढंसंच वाढलं.

अण्णासाहेबांनी विचारलं, विजया दिसत नाही ती? वासंती उठून पाणी आणायला गेली. खरं म्हणजे पाण्याची बाटली तिच्या शेजारीच होती.

२ जानेवारी २०१९, बुधवार

गेले काही दिवस वासंती पहाटे सहाला स्वयंपाकघरात जाऊन फोनवर हळू आवाजात बोलते. आज विचारलंच. म्हणाली, विजयालक्ष्मीताईंना फोन करते. रोज? रोज. काय बोलता? "काही नाही. उठलात का, एवढंच."

म्हणजे मी दारातून घालवलेलं सुप्रभात खिडकीतून माझ्याच घरात आलं. कपाळावर हात मारून घेतला. मी म्हटलं, अगं त्यांना हवं असेल तर त्या करतील फोन. वासंती म्हणाली, "त्या आता कुणालाच काही करत नाहीत. पडल्याबिडल्या तर दोन-दोन दिवस कळायचं नाही कुणाला." हे मात्र जरा अति झालं. शेजारी आहेत, दूधवाला आहे, आणि बाई स्वतः मेट्रन होत्या.

१२ जानेवारी, शनिवार

वासंती पुण्याला गेली. तिच्या बहिणीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, पुढच्या शनिवारी परत येईल. संक्रांत ह्या वर्षी मला एकट्यालाच करायची.

जाताना फ्रिजवर कागद लावून गेली. आठवड्याचे वार आडवे, कामं उभी. तुळशीला पाणी, गॅसची टाकी बंद, दुधाचं पातेलं फ्रिजमध्ये, आणि सर्वांत वर 'ताईंना फोन, सकाळी ६'. केलं की चौकटीत खूण करायची. स्टेशनवर गाडी हलेपर्यंत सांगत होती. "बाकीचं एक वेळ राहिलं तरी चालेल. तो फोन तेवढा चुकवू नका. बाथरूममध्ये गेल्या महिन्यात एकदा तोल गेला होता त्यांचा. मला सांगितलं, बाकी कुणाला सांगितलेलं नाही." मी म्हटलं, करीन. मला काय लहान मुलगा समजतेस?

१३ जानेवारी, रविवार

सहा वाजून दहा मिनिटांनी फोन केला. रजई सोडून उठायचं म्हणजे शिक्षाच. बाई लगेच म्हणाल्या, "अहो सबनीससाहेब, तुम्ही कशाला त्रास घेतलात? मी उठलेय. चहा ठेवलाय." संपलं. सगळं मिळून अकरा सेकंद. ह्यासाठी पहाटेची झोप मोडायची? चौकटीत खूण केली.

१४ जानेवारी, सोमवार

जाग आली तेव्हा सात वाजून गेले होते. सातला फोन करून 'उठलात का' विचारणं हास्यास्पद दिसेल. त्या चहा पिऊन पेपर वाचत असणार. खूण करून टाकली.

आणि फ्रिजसमोर उभाच होतो तर शुक्रवारपर्यंतच्या खुणा करून ठेवल्या, तुळशीच्याही. आमच्याकडे एका कारकुनाने शुक्रवारीच सोमवारची सही करून ठेवली होती, त्याला मी मेमो दिला होता. पण ते कार्यालय होतं, हा फ्रिज आहे.

१५ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. बाहेर धुकं इतकं की समोरची इमारत दिसत नाही. ग्रुपवर तिळगुळाची चित्रं येतील म्हणून मी कालच स्मरणपत्र टाकलं होतं. एकही आलं नाही. संक्रांतीला एकही नाही म्हणजे जरा अतिच, पण चला, पाळतात तरी.

संध्याकाळी वासंतीचा फोन. ऑपरेशन व्यवस्थित झालं. मग, "ताईंना फोन केलात?" केला. "कशा आहेत?" बऱ्या आहेत, चहा ठेवला होता. "बरं वाटलं हो," ती म्हणाली. "थंडी फार आहे ना तिकडे, मला उगीच काळजी लागून राहते." चहा त्यांनी परवा ठेवला होता. पण आजही ठेवलाच असेल की.

१६ जानेवारी, बुधवार

लिहितो, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

साडेदहाला पुण्याहून वासंतीचा फोन आला. ती रडत होती. बळवंत सकाळी विजयालक्ष्मीताईंकडे तिळगूळ द्यायला गेला. काल सैन्यदिनाची परेड असल्यामुळे त्याला जाता आलं नव्हतं. दार उघडेना. शेजाऱ्यांना बोलावून त्याने कडी तोडली. ताई बाथरूमच्या दारात जमिनीवर पडलेल्या. शुद्धीवर होत्या, पण बोलता येत नव्हतं. वासंतीने मला विचारलं, "काल सकाळी तुमच्याशी नीट बोलल्या ना?"

मी हो म्हटलं. दोनदा म्हटलं.

टॅक्सीने हॉस्पिटलात गेलो. खुब्याचं हाड मोडलंय, अंग गार पडलेलं, बोटं निळी. हाताला आलेलं पायपुसणं आणि टॉवेल त्यांनी अंगावर ओढून घेतला होता, त्यामुळे वाचल्या असं डॉक्टर म्हणाले. पुढचे दोन दिवस महत्त्वाचे आहेत. बळवंत बाहेर बाकावर बसला होता, तिळगुळाचा डबा मांडीवर तसाच. म्हणाला, "साहेब, दारात पेपर दोन हुते. कालचा आन् आजचा. दुधाच्या पिशव्या बी दोन." माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पण तुम्ही काल सहाला बोलला न्हवं? वहिनींनी सांगितलं."

"हो," मी म्हटलं.

"मंग त्याच्या मागनं पडल्या असत्याल." असं म्हणून त्याने मान खाली घातली. हे मी तिसऱ्यांदा हो म्हणालो.

नागपूरला त्यांचा पुतण्या असतो. त्याचा नंबर शोधायला बळवंतने ताईंचा फोन माझ्या हातात दिला. फोन उघडला तो थेट आमच्या ग्रुपवरच. महिनाभरात तिथे कुणी फारसं बोललंच नव्हतं, त्यामुळे फार वर जावं लागलं नाही. माझ्या नावाखाली, दहा डिसेंबर, सकाळी सात बारा. 'घरी कुणी नाही, हाताला उद्योग नाही.' सगळं जसंच्या तसं. त्याखाली ताईंचं 'खरं आहे. क्षमस्व.'

मी तो फक्त माझ्याच फोनमधून काढला होता. बाकी दोनशे अकरा जणांकडे तो सव्वा महिना तसाच आहे. मी त्याला शिस्त समजत होतो. वनभोजनात परिपत्रकाच्या झेरॉक्स वाटत हिंडत होतो! एवढा मूर्ख माणूस मी कधी माझ्या हाताखाली घेतला नसता.

१७ जानेवारी, गुरुवार

ऑपरेशन उद्या. दुपारी मी एकटाच त्यांच्याजवळ होतो. आवाज अगदी बारीक झालाय, पण बोलत होत्या. मंगळवारी पहाटे पाचला उठल्या, तेव्हाच पडल्या. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला होता.

"सहाला वाजेल म्हणून कान लावून होते," म्हणाल्या. "वाजला आणि मी उचलला नाही की तुम्ही कुणाला तरी पाठवाल, हे माहीत होतं मला. मग वाटलं, सणाचा दिवस, उशीर झाला असेल. मग दूधवाला येऊन गेला. ओरडले, पण आवाज बाहेर जाईना. बुधवारी वाजेल म्हणून पुन्हा वाट बघितली."

तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. वॉर्डमधली रात्र कशी गेली हे सकाळच्या पाळीला सांगावं तसं सांगत होत्या. मला माफी मागायची होती. त्या मेसेजची, फोनची, सगळ्याची. तोंडातून निघालं ते एवढंच, की पाणी देऊ का? त्यांनी मनगट धरलं माझं. सवयीने नाडी बघितली आणि म्हणाल्या, "फार पळतेय. बसा जरा."

एकोणतीस तास. मी दोन्ही सकाळी रजईत होतो.

१९ जानेवारी, शनिवार

काल ऑपरेशन झालं. धोका टळला असं डॉक्टर आज म्हणाले.

वासंती दुपारच्या गाडीने आली. मी स्टेशनवर जाण्याआधी फ्रिजवरचा कागद काढून टाकायला गेलो होतो. सगळ्या चौकटी भरलेल्या, एकसारख्या, एकाच शाईतल्या. काढला नाही. काढला असता तर विचारलं असतं, आणि ठेवला तर दिसणार. घरी आल्यावर तिने तो पाहिला आणि म्हणाली, "किती नीट केलंत सगळं." तुळस वाळून गेली होती तिकडे तिचं लक्षच गेलं नाही.

मी तिला त्या मेसेजबद्दल विचारलं. तो ग्रुपवर तसाच आहे हे तुला माहीत होतं? ती माझ्याकडे नवलाने बघत राहिली. "सगळ्यांनाच माहीत आहे. पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्ही मुद्दाम ठेवलाय," ती म्हणाली. "सगळ्यांनाच तसं वाटलं."

एकतीस वर्षं संसार केलेल्या बाईला माझ्याबद्दल असं वाटू शकतं, याचा मला राग यायला हवा होता. राग आला नाही, कारण विचार केल्यावर मलाही ते अशक्य वाटेना.

चार वाजता आम्ही हॉस्पिटलात गेलो. ताई उशाला टेकून बसल्या होत्या. बळवंतही होता. वासंतीने त्यांचा हात धरला आणि डोळे पुसत म्हणाली, "ताई, मंगळवारी ह्यांचा फोन आला तेव्हा चक्करबिक्कर येत होती का तुम्हाला? ह्यांना कळायला हवं होतं हो. माझ्या लगेच लक्षात आलं असतं."

बळवंतने मान वर केली. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. नवशिक्या नर्सने चुकीची बाटली उचलावी आणि जुन्या मेट्रनने पेशंटसमोर काही न बोलता ती तिच्या हातातून काढून घ्यावी, तसं काहीसं ते बघणं होतं.

"नाही गं," त्या वासंतीला म्हणाल्या. "छान बोललो आम्ही. संक्रांतीच्या शुभेच्छासुद्धा दिल्या त्यांनी. फोन ठेवला आणि मग बाथरूममध्ये गेले, तेव्हा पडले. त्यांना कसं कळणार?"

बळवंतचा चेहरा सैल झाला. मला म्हणाला, "साहेब, माफ करा हं. माझ्या मनात उगं कायबाय आलं हुतं." आणि माझ्या पाया पडायला वाकला. मी मागे सरलो, भिंतीला टेकलो.

परत येताना मेट्रोमध्ये वासंती माझ्या खांद्याला टेकून बसली होती. म्हणाली, तुम्ही तो फोन केलात म्हणून मला फार बरं वाटलं. मेसेज लिहिला तेव्हा लाज वाटली होती, पण फोन केलात. निवृत्त झाल्यापासून तिने माझं असं कौतुक केलं नव्हतं. आमचं द्वारका स्टेशन येईपर्यंत मी दाराकडे बघत राहिलो.

२० जानेवारी, रविवार

सकाळभर विचार करतोय. कुणाला काही सांगायची गरज नाही. ताईंनी एकदा सांगितलं, ते आता सगळ्यांच्या दृष्टीने खरं आहे. काल संध्याकाळी बळवंतने ग्रुपवर लिहिलं की सबनीससाहेब रोज पहाटे ताईंना फोन करत होते. त्यावर त्र्याहत्तर जणांनी हात जोडले. वृंदा कुलकर्णीने लिहिलं, तुमच्याबद्दल आमचा गैरसमज झाला होता. अण्णासाहेबांनी कुणाकडून तरी लिहवून घेतलं की मंडळाचं सचिवपद गुणवंताकडेच द्यावं. हेच तर मला हवं होतं. वाचलं आणि चहा तसाच बेसिनमध्ये ओतला.

दहा वाजता मसुदा करायला बसलो. ह्या वेळी तीनदा केला नाही. असा लिहिला:

मी गुणवंत सबनीस. सोमवार, मंगळवार आणि बुधवार सकाळी सहाला विजयालक्ष्मीताईंना फोन करण्याचं काम माझ्याकडे होतं. मी एकाही दिवशी फोन केला नाही. केला असं पत्नीला खोटं सांगितलं, बळवंतलाही खोटं सांगितलं. ताई मंगळवारी पहाटे पाचला पडल्या आणि एकोणतीस तास थंड फरशीवर माझ्या फोनची वाट बघत होत्या. काल त्यांनी जे सांगितलं ते मला सांभाळून घेण्यासाठी सांगितलं. दहा डिसेंबरचा मेसेज चुकून ग्रुपवर आला, पण त्यातला प्रत्येक शब्द तेव्हा मी मनापासूनच लिहिला होता. सचिवपद मला देऊ नये.

चष्मा लावून पुन्हा वाचला. ग्रुपचं नाव तपासलं. अकरा वाजायला पाच मिनिटं असताना पाठवला.

वासंती स्वयंपाकघरात पोळ्या लाटतेय. तिचा फोन ओट्यावर असतो. तो वाजला तसं लाटणं थांबलं. पाच-सात मिनिटं झाली, अजून ती बाहेर आलेली नाही. आधी तवा जळल्यासारखा वास आला, मग गॅस बंद केल्याचा आवाज आला.